घातांक नेमका कोणाचा? बैजिक राशींना सरळरूप देण्याची पायरीपायरीने पद्धत

सातवीत घातांकाचे नियम पाठ होतात, आठवीत त्यांत परिमेय घातांकांची भर पडते, नववीत बहुपदी आणि करणी शिकताना हे सगळे येतच असेल असे गृहीत धरले जाते, आणि तरीही (२क्ष^३)^२ याचे सरळरूप विचारले की काही वह्यांत २क्ष^६ हे उत्तर हमखास सापडते. नियम त्या विद्यार्थ्याला ठाऊक नसतो असे नाही. ‘घाताचा घात असेल तर घातांकांचा गुणाकार करावा’ हे वाक्य तो झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवील. त्याची चूक नियमात नसून त्याआधीच्या वाचनात असते. बाहेरचा २ हा घातांक कंसातील सहगुणकाचाही, म्हणजे चलाला गुणणाऱ्या २ या संख्येचाही आहे आणि क्ष^३ चाही आहे, हे न पाहता तो थेट नियमाकडे धावतो. कोल्हापुरात शिकवणी घेताना ज्या वह्या माझ्या हाताखालून जातात, त्यांतील घातांकाच्या बहुतेक चुका ‘हा घातांक नेमका कोणाचा?’ हा एकच प्रश्न न विचारल्यामुळे झालेल्या असतात. म्हणून पुढील मांडणीत नियमांइतकेच महत्त्व या प्रश्नाला दिले आहे. ती सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तशीच संध्याकाळी मुलांना अभ्यासाला घेऊन बसणाऱ्या पालकांसाठीही आहे.

टंकनाच्या सोयीसाठी घातांक ^ या खुणेनंतर लिहिला आहे, म्हणजे अ^५ याचा अर्थ अ चा पाचवा घात. वहीत तो पायाच्या उजव्या खांद्यावर लहान अक्षरात लिहावा. शाळेच्या पुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे असतात, येथे क्ष, य, अ, ब ही अक्षरे घेतली आहेत. त्यामुळे नियमांत काहीही फरक पडत नाही. छेदात येणाऱ्या कोणत्याही राशीची किंमत शून्य नाही, हे सर्वत्र गृहीत आहे.

पहिली पायरी: घातांकाचा मालक ओळखणे

अ^५ मध्ये अ हा पाया आणि ५ हा घातांक. त्याचा अर्थ एवढाच की अ हा अवयव पाच वेळा घेऊन गुणाकार करायचा. घातांक वर लहान अक्षरात लिहिण्याची आजची पद्धत फ्रेंच गणिती रने देकार्त यांच्या १६३७ मधील लेखनापासून रुळली, आणि गंमत अशी की वर्गासाठी ते स्वतः बहुतेक वेळा तेच अक्षर दोनदा लिहीत. शंका आली की आपणही तसेच करावे, राशी विस्ताराने लिहून काढावी. त्यात कमीपणा काही नाही.

घातांक हा त्याच्या लगेच डावीकडे असलेल्या एकाच गोष्टीचा असतो. ती गोष्ट एखादे अक्षर असेल, एखादी संख्या असेल किंवा एखादा कंस असेल. कंस असेल तर कंसातील सर्व काही त्या घातांकाच्या अमलाखाली येते. कंस नसेल तर शेजारच्या सहगुणकाशी किंवा मागच्या ऋण चिन्हाशी त्याचा संबंध नसतो. पुढील दोन राशी पाहा.

५क्ष^३ = ५ × क्ष × क्ष × क्ष
(५क्ष)^३ = ५क्ष × ५क्ष × ५क्ष = १२५क्ष^३

क्ष च्या जागी २ ठेवल्यास पहिल्या राशीची किंमत ४० येते आणि दुसरीची १०००. एका कंसाने एवढा फरक पडतो.

ऋण चिन्हाच्या बाबतीत हाच गोंधळ अधिक होतो. −३^२ मध्ये वर्ग फक्त ३ चा आहे, म्हणून उत्तर −९. (−३)^२ मध्ये वर्ग −३ या संपूर्ण संख्येचा आहे, म्हणून उत्तर ९. एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये −३^२ लिहिले तर उत्तर ९ दिसते, कारण तेथे ऋण चिन्ह आधी लावले जाते. गणिताच्या वहीत तो संकेत चालत नाही, हे संगणकावर ताळा पाहणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावे. कंसात ऋण संख्या असेल आणि घातांक सम असेल तर उत्तर धन येते, विषम असेल तर ऋण येते: (−२)^४ = १६, (−२)^५ = −३२.

सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक घातांकापासून त्याच्या मालकापर्यंत पेन्सिलीने एक छोटा बाण काढण्याची सवय लावावी. वेळ जातो अशी तक्रार मुले करतात, पण खाडाखोडीत जाणारा वेळ त्याहून जास्त असतो.

मोजणीतून येणारे नियम

अ^३ × अ^४ म्हणजे तीन अ आणि त्यांच्यापुढे आणखी चार अ, एकूण सात अ यांचा गुणाकार. म्हणून अ^३ × अ^४ = अ^७, आणि सामान्य रूपात:

अ^म × अ^न = अ^(म + न)

भागाकारात याच्या उलट घडते. अ^७ ÷ अ^३ असे असेल तर अंशातील सातांपैकी तीन अ छेदातील तिघांशी छेदले जातात आणि चार उरतात.

अ^म ÷ अ^न = अ^(म − न)

घाताच्या घातात गट मोजायचे असतात. (अ^३)^४ म्हणजे अ^३ हा गट चार वेळा. प्रत्येक गटात तीन अ, म्हणजे एकूण बारा.

(अ^म)^न = अ^(म × न)

पहिला आणि तिसरा नियम यांची अदलाबदल ही सर्वांत जुनी खोड आहे, आणि तिला शिकवणारेही थोडे जबाबदार असतात. उदाहरण म्हणून आपण सहज २ ही संख्या घेतो; पण अ^२ × अ^२ = अ^४ आणि (अ^२)^२ = अ^४, म्हणजे बेरीज करा की गुणाकार, उत्तर तेच येते आणि मुलाला दोन्ही नियम सारखेच वाटू लागतात. म्हणून समजावताना ३ आणि ४ किंवा ३ आणि ५ असेच घातांक घ्यावेत. अ^३ × अ^५ हा आठवा घात आहे आणि (अ^३)^५ हा पंधरावा, तेव्हा येथे गल्लत केल्यास ती लगेच उघडी पडते.

उरलेले दोन नियम गुणाकाराच्या आणि भागाकाराच्या कंसासाठी आहेत: (अब)^म = अ^म × ब^म आणि (अ/ब)^म = अ^म / ब^म. सुरुवातीला दिलेल्या (२क्ष^३)^२ याचे उत्तर येथूनच मिळते: २^२ × (क्ष^३)^२ = ४क्ष^६.

येथे तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. सहगुणकांचा गुणाकार होतो आणि घातांकांची बेरीज होते. दोन्ही कामे एकाच ओळीत चालतात म्हणून त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ४क्ष^३ × ५क्ष^२ याचे उत्तर २०क्ष^५ आहे. ९क्ष^५ नव्हे आणि २०क्ष^६ही नव्हे. दुसरी गोष्ट, पाया संख्या असली तरी तो बदलत नाही: २^३ × २^४ = २^७, येथे ४^७ लिहिणाऱ्याने पायांचाही गुणाकार केलेला असतो. तिसरी गोष्ट, पाया वेगळा असेल तर घातांकांना हात लावायचा नाही. अ^३ × ब^४ हे अ^३ब^४ असेच राहते.

बेरजेसाठी मात्र घातांकाचा एकही नियम नाही. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण क्ष^३ + क्ष^२ = क्ष^५ ही चूक हुशार विद्यार्थीही घाईत करतात. क्ष = २ ठेवून पाहिल्यास डावीकडे ८ + ४ = १२ येतात आणि उजवीकडे ३२. बेरजेत फक्त सरूप पदे एकत्र येतात, म्हणून क्ष^३ + क्ष^३ = २क्ष^३; पण क्ष^३ + क्ष^२ आहे तसेच ठेवावे लागते, फार तर सामाईक अवयव बाहेर काढून क्ष^२(क्ष + १) असे लिहिता येते. याच कारणाने (अ + ब)^२ म्हणजे अ^२ + ब^२ नव्हे. कंसावरचा घातांक गुणाकारातील प्रत्येक अवयवाला वाटता येतो, बेरजेतील पदांना तो तसा वाटता येत नाही; तेथे (अ + ब)(अ + ब) असे लिहून गुणाकारच करावा लागतो.

शून्य आणि ऋण घातांक

‘सर, पाया शून्य वेळा लिहायचा म्हणजे काहीच लिहायचं नाही, मग उत्तर शून्यच की!’ हा युक्तिवाद दरवर्षी कोणीतरी करतेच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला उत्तर म्हणून ३ चे घात उतरत्या क्रमाने लिहावेत: ३^४ = ८१, ३^३ = २७, ३^२ = ९, ३^१ = ३. घातांक एकाने उतरला की किंमत दर वेळी तिनाने भागली जाते. मग पुढच्या पायरीवर ३ ला ३ ने भागावे लागेल, आणि ३^० = १ हेच मिळेल. आणखी उतरल्यास ३^(−१) = १/३, ३^(−२) = १/९. भागाकाराचा नियमही हेच सांगतो: अ^३ ÷ अ^३ हे एकीकडे अ^० आहे आणि दुसरीकडे कोणत्याही शून्येतर संख्येला तिनेच भागल्यास १ येतो. म्हणून अ शून्य नसताना

अ^० = १ आणि अ^(−न) = १ / अ^न

ही दोन्ही सूत्रे आधीचे नियम अबाधित राहावेत यासाठीच तशी ठरलेली आहेत. पाया आणि घातांक दोन्ही शून्य असतील तर शालेय गणितात त्या राशीला अर्थ देत नाहीत.

येथेही मालकाचा प्रश्न विचारावाच लागतो. ७क्ष^० मध्ये शून्य घातांक फक्त क्ष चा आहे, म्हणून उत्तर ७. (७क्ष)^० मध्ये तो सगळ्या कंसाचा आहे, म्हणून उत्तर १. तसेच ३क्ष^(−२) = ३/क्ष^२, कारण छेदात जायचे आहे ते फक्त क्ष ने; (३क्ष)^(−२) मात्र १/(९क्ष^२) होते. ऋण घातांकामुळे किंमत ऋण होत नाही, हेही एकदा स्पष्ट सांगितलेले बरे: २^(−३) म्हणजे १/८, −८ नव्हे. पाया अपूर्णांक असेल तर ऋण घातांकाने तो उलटा होतो: (२/५)^(−३) = (५/२)^३ = १२५/८.

‘ऋण घातांक अंशातून छेदात नेला की धन होतो’ ही युक्ती सोयीची आहे, पण ती अवयवांपुरतीच खरी आहे. अंशात बेरीज असेल तर तिच्यातील एखादे पद असे उचलून खाली ठेवता येत नाही. (अ^(−१) + ब^(−१))^(−१) याचे उत्तर अ + ब असे पुष्कळ जण लिहितात. अ = २, ब = ३ घेऊन पाहू: कंसात १/२ + १/३ = ५/६, त्याचा गुणाकार व्यस्त ६/५; अ + ब मात्र ५. योग्य रीत अशी की आधी कंसातील बेरीज समच्छेद करून (अ + ब)/अब अशी लिहावी आणि मग ती उलटावी, म्हणजे अब/(अ + ब) मिळते.

सरळरूप देण्याचा क्रम

नियम कळल्यावरही लांबलचक राशी समोर आली की कोठून सुरुवात करावी ते सुचत नाही. माझ्या मते क्रम ठरलेला असावा आणि तो मोडू नये. सर्वांत आतल्या कंसातील राशी आधी शक्य तेवढी लहान करावी. मग कंसावरचा घातांक आतील प्रत्येक अवयवाला वाटावा. त्यानंतर चिन्ह, सहगुणक आणि एकेक चल असे क्रमाने घेऊन प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे पूर्ण करावा. आणि ऋण घातांक धन करण्याचे काम अगदी शेवटी ठेवावे. ऋण घातांक मध्येच खाली-वर नेत राहिल्यास प्रत्येक ओळीत राशीचे रूप बदलते आणि चूक कोठे झाली ते शोधणे अवघड होते.

एक उदाहरण पूर्ण करू.

[(−२क्ष^३य)^४ × ३क्ष^(−५)य^२] ÷ (६क्ष^४य^९)

पहिल्या कंसात लहान करण्यासारखे काही नाही, तेव्हा घातांक ४ वाटावा. तो तिघांचा आहे: −२ चा, क्ष^३ चा आणि य चा. (−२)^४ = १६, कारण घातांक सम आहे; (क्ष^३)^४ = क्ष^१२; आणि य वर काही लिहिलेले नसले तरी तो य^१ आहे, म्हणून य^४. हा न लिहिलेला १ विसरल्यामुळे य तसाच ठेवून पुढे जाणारे विद्यार्थी थोडे नाहीत.

आता राशी अशी दिसते:

[१६क्ष^१२य^४ × ३क्ष^(−५)य^२] ÷ (६क्ष^४य^९)

सहगुणक घेऊ: १६ × ३ ÷ ६ = ८. मग फक्त क्ष पाहू: गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, म्हणजे १२ + (−५) − ४ = ३. नंतर फक्त य: ४ + २ − ९ = −३. म्हणून

८क्ष^३य^(−३) = ८क्ष^३ / य^३

उत्तर आले की ताळा घ्यावा, आणि तो चलांना किंमत देऊनच घ्यावा. क्ष = १, य = २ ठेवल्यास मूळ राशीत पहिला कंस (−४)^४ = २५६, त्याला ३ × ४ = १२ ने गुणल्यावर ३०७२, आणि छेद ६ × ५१२ = ३०७२, म्हणजे किंमत १; उत्तरातही ८/८ = १. पण येथे थांबू नये. क्ष = १ ठेवल्यावर क्ष चा कोणताही घात १ च राहतो, त्यामुळे क्ष च्या घातांकात झालेली चूक या ताळ्यातून निसटून जाते. म्हणून दुसऱ्यांदा क्ष = २, य = १ ठेवावे: (−१६)^४ = ६५५३६, त्याला ३/३२ ने गुणून ६१४४, छेद ६ × १६ = ९६, भागाकार ६४; उत्तरात ८ × ८ = ६४. दोन्ही जुळले की उत्तर बहुधा पक्के समजावे. शून्य ही किंमत ताळ्यासाठी कधीही घेऊ नये.

कंसावर ऋण घातांक असेल तेव्हा ‘आधी आतले, मग बाहेरचे’ या क्रमाचा फायदा अधिक कळतो.

[१२अ^(−३)ब^४ / १८अ^२ब^(−१)]^(−२)

आत सहगुणक १२/१८ = २/३; अ चा घातांक −३ − २ = −५; ब चा घातांक ४ − (−१) = ५. या शेवटच्या वजाबाकीत ऋण वजा केल्यावर बेरीज होते, आणि नेमकी तेथेच ३ लिहिली जाते. म्हणून वजा करायची संख्या कंसात लिहावी. आतील राशी २ब^५ / ३अ^५ झाली. येथे बाहेरच्या −२ मुळे ती उलटी करून वर्ग केला की काम संपते: (३अ^५ / २ब^५)^२ = ९अ^१० / ४ब^१०. हाच −२ सुरुवातीलाच आत वाटला असता तर १२^(−२) आणि १८^(−२) असले आकडे अंगावर घ्यावे लागले असते. उत्तर तेच आले असते, पण कष्ट दुप्पट.

पाया वेगळे दिसतात तेव्हा

शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांत (४^३ × २७^२) ÷ ६^५ अशी पदावली देतात आणि तीन वेगवेगळे पाया पाहून मुले थेट मोठे गुणाकार करायला बसतात. पाया संयुक्त संख्या असेल तर तिचे मूळ अवयव पाडावेत: ४ = २^२, २७ = ३^३, ६ = २ × ३. मग अंश २^६ × ३^६ आणि छेद २^५ × ३^५ होतो, उत्तर २ × ३ = ६. यात ६^५ चे (२ × ३)^५ करताना कंस घातलाच पाहिजे.

घातांकात अक्षर असेल तर बेरजेचा नियम उलट्या दिशेने वापरावा. (५^(न+२) − ५^(न+१)) ÷ (४ × ५^न) या राशीत ५^(न+२) म्हणजे ५^न × २५ आणि ५^(न+१) म्हणजे ५^न × ५. अंशात ५^न सामाईक काढल्यास ५^न × (२५ − ५) = २० × ५^न मिळते, छेदातील ५^न जातो आणि उत्तर ५ येते. न ची किंमत काहीही असली तरी उत्तर बदलत नाही.

घातांकावर घातांक असेल आणि कंस नसेल तर वरून खाली यावे: २^३^२ म्हणजे २^९ = ५१२. (२^३)^२ म्हणजे मात्र ६४.

अपूर्णांक घातांक

अ^(१/२) ही अशी संख्या असली पाहिजे की तिचा वर्ग केल्यास, घाताच्या घाताच्या नियमाने, अ^१ मिळेल. म्हणजे ते अ चे वर्गमूळ. त्याचप्रमाणे अ^(१/३) हे घनमूळ. अ^(म/न) असेल तर छेद मुळाचा आणि अंश घाताचा. क्रम कोणताही चालतो, पण आधी मूळ काढणेच शहाणपणाचे. ३२^(३/५) मध्ये ३२ चे पाचवे मूळ २, त्याचा घन ८. उलट क्रमाने गेल्यास ३२७६८ चे पाचवे मूळ शोधत बसावे लागते. (१६अ^८)^(३/४) येथेही घातांक सहगुणकाचा आणि अ^८ चा, दोघांचाही आहे: १६^(३/४) = ८ आणि अ^(८ × ३/४) = अ^६, म्हणून ८अ^६.

सम मूळ काढताना एक सावधगिरी हवी. (अ^२)^(१/२) = अ हे अ ऋण नसतानाच खरे आहे; अ = −५ असेल तर वर्ग २५ आणि त्याचे वर्गमूळ ५, म्हणजे अ चे केवलमूल्य. शालेय उदाहरणांत पाया धन मानलेला असतो, म्हणून हा प्रश्न सहसा पुढे येत नाही.

राधानगरीचे पाणी किती?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी टीएमसी आणि क्युसेक हे शब्द पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या पातळीइतकेच असतात. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अर्थात १०^३ × १०^६ = १०^९ घनफूट; गुणाकाराचा पहिला नियम येथे आपण नकळत वापरतोच. आता एक टीएमसी म्हणजे किती लिटर, हे काढताना मालकाचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणजेच ३.०४८ × १०^(−१) मीटर. घनफुटासाठी या संपूर्ण संख्येचा घन करावा लागतो:

(३.०४८ × १०^(−१))^३ = ३.०४८^३ × १०^(−३) ≈ २८.३२ × १०^(−३) घनमीटर

एका घनमीटरमध्ये १०^३ लिटर, म्हणून एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३२ लिटर. येथे घन फक्त ३.०४८ चा करून १०^(−१) तसाच ठेवला तर एका घनफुटात २८३२ लिटर पाणी मावते असे उत्तर येते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा डब्यात छपरावरच्या हजार लिटरच्या जवळजवळ तीन टाक्या रिकाम्या होतील, हे कोणालाच पटणार नाही.

मग एक टीएमसी = १०^९ × २.८३२ × १० = २.८३२ × १०^१० लिटर. एक कोटी म्हणजे १०^७, तेव्हा भागाकाराच्या नियमाने हे २.८३२ × १०^३ कोटी, म्हणजे २८३२ कोटी लिटर झाले. राधानगरी धरणाची क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी आहे, ८.३६ × २.८३२ ≈ २३.६८, म्हणून धरणात २३.६८ × १०^१० = २.३६८ × १०^११ लिटर पाणी मावते.

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका उघड्या दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट, पाणी भोगावती नदीत येते असे बातम्यांत सांगितले जाते. सातही दरवाजांचे मिळून ९९९६, म्हणजे जवळपास १०^४ क्युसेक. प्रत्यक्षात पातळी ठरावीक उंचीखाली गेली की हे दरवाजे आपोआप बंद होतात, पण केवळ गणितासाठी असे मानू की ८.३६ टीएमसी पाणी याच वेगाने वाहून जाणार आहे. त्याला लागणारा वेळ ८.३६ × १०^९ ÷ १०^४ = ८.३६ × १०^५ सेकंद. एका दिवसात ८६४००, म्हणजे ८.६४ × १०^४ सेकंद असतात. म्हणून (८.३६ ÷ ८.६४) × १०^(५ − ४) ≈ ०.९६८ × १० = ९.६८, म्हणजे साडेनऊ दिवसांहून थोडा अधिक काळ. हा सगळा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय कागदाच्या एका बाजूवर होतो.

सरावासाठी

पुढील राशींना सरळरूप द्यावे. उत्तरे खाली आहेत, पण दोन वेगवेगळ्या किमती ठेवून ताळा घेतल्याशिवाय तिकडे पाहू नये.

(क) (−३अ^२ब)^३ ÷ (९अ^५ब^(−१))
(ख) (५क्ष)^० + ५क्ष^०
(ग) (९^२ × १०^३) ÷ ६^३
(घ) (क्ष^(−२)य^३ / ४)^(−२)
(च) (३^(न+३) − ३^(न+१)) ÷ (८ × ३^न)
(छ) (३२अ^१०)^(२/५)
(ज) (क्ष^(−१) − य^(−१)) ÷ (क्ष^(−२) − य^(−२))

उत्तरे क्रमाने अशी: (क) −३अब^४, (ख) ६, (ग) ३७५, (घ) १६क्ष^४ / य^६, (च) ३, (छ) ४अ^४, (ज) क्षय / (क्ष + य). शेवटच्या उदाहरणात क्ष आणि य समान नाहीत आणि त्यांची बेरीज शून्य नाही, असे गृहीत आहे. त्यात घातांक धन करण्याची घाई न करता क्ष^(−२) हा क्ष^(−१) चा वर्ग आहे हे ओळखावे, छेदाचे दोन वर्गांच्या वजाबाकीप्रमाणे अवयव पाडावेत आणि सामाईक अवयव छेदून उरलेली १ ÷ (क्ष^(−१) + य^(−१)) ही राशी समच्छेद करावी.